घाट, धुके आणि घरची माणसे

बेळगावच्या कॅम्पाच्या पश्चिमेस, गणेशपूर-हिंडलग्याच्या अंगाला जाणाऱ्या एका रस्त्याला अजूनही ‘रामघाट रोड’ म्हणतात. ज्या घाटाचे हे नाव, तो घाट तेथून कितीतरी कोस दूर, सह्याद्रीच्या कड्यावर आहे. तरीही नाव टिकून आहे आणि त्यात नवल नाही. कारण कॅम्पाचे आयुष्यच मुळी घाटाशी जोडलेले आहे. वेंगुर्ले बंदर १८१२ मध्ये इंग्रजांकडे गेले, १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला पडला आणि १८३० च्या दशकात येथे छावणी स्थिरावली. या छावणीला लागणारी माणसे आणि सामान समुद्रमार्गे वेंगुर्ल्यास उतरे व बैलांच्या बळावर घाट चढून वर येई. रामघाटाची चढण जनावरांची छाती फोडणारी होती. म्हणून पुढे पारपोलीचा, म्हणजे आज आपण ज्याला आंबोली घाट म्हणतो त्याचा, गाडीरस्ता बांधण्यात आला आणि आंबोली हे त्या वाटेवरचे मुक्कामाचे ठिकाण झाले.

बैलगाड्या गेल्या, पण घाटाशी असलेला संबंध उणावला नाही, उलट वाढला. कॅम्पातल्या फिश मार्केटात येणारी मासळी घाट चढून येते. बेळगावची भाजी घाट उतरून गोव्याच्या बाजारात जाते. चंदगड भागातला रुग्ण उपचारासाठी बेळगाव गाठतो. सावंतवाडीला दिलेली लेक, फोंड्याला नोकरी करणारा भाऊ, कुडाळकडचे कुलदैवत, पणजीतले कार्यालय, यांपैकी एखादा तरी धागा नसलेले मराठी घर या भागात सापडणे कठीण. शिनोळी-पाटणे फाट्यावरून आंबोली, जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला, खानापूर-लोंढ्यावरून अनमोड, चंदगडकडून तिलारी. आणि निपाणीकरांना राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट. या पाच वाटा म्हणजे आपल्या घरांची पश्चिमेकडची पाच दारेच आहेत.

पावसाळा आला की याच दारांतून वाईट बातम्या आत येऊ लागतात. दरड कोसळली, ट्रक कलंडला, धुक्यात दोन गाड्या समोरासमोर आल्या. बातमी वाचून आपण रस्त्याला, खड्ड्यांना, तुटलेल्या कठड्यांना दोष देतो आणि तो बहुतांशी योग्यही असतो. रस्ता नीट राखणे हे सरकारचे कर्तव्य आहे. त्याची मागणी करीतच राहिले पाहिजे. परंतु या प्रश्नाची एक बाजू अशी आहे की तिचे उत्तर कोणत्याही सरकारी कचेरीत नसून आपल्या घरात आहे. तिच्याकडे वाचकांचे लक्ष वेधावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

ढगातून जाणारी वाट

घाटातले धुके हे आपण थंडीच्या पहाटे शेतावर पाहतो तसे धुके नव्हे. तो प्रत्यक्ष ढग असतो. अरबी समुद्रावरून आलेला ओलसर वारा सह्याद्रीच्या भिंतीवर आपटतो. पुढे वाट नसल्याने तो वर चढतो. सुमारे सातशे मीटर चढून येईतो त्याचे तापमान चार-पाच अंशांनी उतरते आणि त्याच्या पोटातली वाफ पाण्याच्या सूक्ष्म थेंबांच्या रूपाने बाहेर पडते. म्हणूनच आंबोलीत वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, तर तेथून सत्तर किलोमीटरही दूर नसलेल्या बेळगावात त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतकाच पडतो.

हा फरक नीट ध्यानी घ्यावा. कॅम्पात रिमझिम चालू असते, खडेबाजारात तर ऊनही पडलेले असते, आणि त्या हवामानाच्या भरवशावर आपण निघण्याची वेळ ठरवतो. दीड तासानंतर जेथे पोहोचतो तेथे मात्र निराळाच ऋतू असतो. घरच्या अंगणात उभे राहून घाटाचा अंदाज बांधता येत नाही. घाटमाथ्यावरच्या ओळखीच्या माणसास दूरध्वनी करून विचारणे, हाच त्यातल्या त्यात खात्रीचा उपाय.

ढगात शिरल्यावर बहुतेकांचा हात पहिल्याने मोठ्या दिव्याकडे जातो. अधिक उजेड म्हणजे अधिक दिसणार, असा साधा हिशेब असतो. परंतु प्रत्येक थेंब तो उजेड परत आपल्याच डोळ्यांवर फेकतो आणि समोर पांढरा पडदा उभा राहतो. दिवे डिपरवर, म्हणजे खाली झुकलेले ठेवले तर निदान रस्त्याची कड आणि मधली पट्टी दिसते. पुढच्या ट्रकचे तांबडे दिवे धरून त्याच्या मागोमाग जाण्याची सवयही घातक आहे. तो चुकला तर आपणही त्याच चुकीत सामील होतो.

साधे गणित

वेगाविषयी उपदेश सगळेच करतात. आम्ही येथे फक्त एक हिशेब मांडतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. समोर काही दिसले आणि पाय ब्रेकवर गेला, यातच निदान एक सेकंद जातो. त्यानंतर ओल्या डांबरावर, टायर चांगले असतील तर, गाडी पूर्ण थांबण्यास आणखी सुमारे ३५ मीटर लागतात. म्हणजे एकूण पन्नास मीटरांहून अधिक. वेग निम्मा, म्हणजे ३० वर आणला तर पहिल्या सेकंदात ८ मीटर आणि ब्रेक लागल्यावर ९ मीटर, असे अवघ्या १७ मीटरांत काम होते. वेग निम्मा केला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर निम्मे न होता चौथाई होते, हा निसर्गनियम आहे. हे आकडे सपाट रस्त्याचे आहेत. उतारावर अंतर वाढते.

आता आंबोलीच्या दाट ढगात वीस मीटरांपलीकडचे दिसत नाही असे समजा. तेथे ३० च्या वेगाने जाणारा माणूस कसाबसा थांबू शकतो. ६० ने जाणारा थांबूच शकत नाही, मग तो कितीही निष्णात असो. ‘आमचा मुलगा फार सफाईने गाडी चालवतो,’ असे अभिमानाने सांगणाऱ्या आई-वडिलांनी हे गणित एकदा कागदावर मांडून पाहावे. सफाई पहिल्या सेकंदातला फार तर काही अंश वाचवील. उरलेले सर्व टायर आणि ओले डांबर यांच्या हाती असते.

उताराचा धडा जुन्या ट्रकचालकांनी एका वाक्यात बसवला आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. त्यामागे शास्त्र आहे. सतत दाबून धरलेले ब्रेक तापतात. तापले की त्यांची पकड सैल होते. त्यातले तेल उकळू लागले तर पायाखालचे पेडल मऊ होऊन खाली जाते आणि गाडी मात्र जातच राहते. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागे ओढून धरते, ब्रेकला विसावा मिळतो. याउलट, पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे किंवा इंजिनच बंद करणारे महाभाग आहेत. इंजिन बंद होताच थोड्याच वेळात ब्रेक जड होतात, स्टिअरिंग जड होते. वाचलेल्या पेट्रोलची किंमत दहा-वीस रुपये. चढणाऱ्या वाहनास उतरणाऱ्याने वाट द्यावी, हा तर आपल्या देशातल्या वाहतुकीचा लेखी नियमच आहे. चढावर थांबलेली भरलेली ट्रक पुन्हा हलवणे किती अवघड असते, हे ज्याने पाहिले आहे त्यास त्याचे कारण सांगावे लागणार नाही.

थांबावे, पण कोठे?

धुके फार दाटले तर थांबावे, हे खरे. परंतु घाटात थांबण्याच्या जागेचाही विचार लागतो. १६ जुलै २०२४ रोजी उत्तर कन्नड जिल्ह्यात, अंकोला तालुक्यातील शिरूर येथे राष्ट्रीय महामार्गालगतचा डोंगर खाली आला. रस्त्याकडेचे चहाचे हॉटेल, तेथे थांबलेली माणसे आणि वाहने यांच्यासह ती माती गंगावळी नदीत गेली. वाहून गेलेली एक लॉरी तर सप्टेंबरात, दोन महिन्यांनंतर नदीतून बाहेर काढता आली. त्या माणसांची चूक काय होती? काहीच नाही. पावसात चार घटका विसावा घ्यावा, एवढेच त्यांनी केले होते.

रस्त्यासाठी डोंगराचा पायथा तासला की वरच्या मातीचा आधार जातो. पावसाचे पाणी मुरून माती जड होते, आणि चर तुंबले असतील तर आतल्या पाण्याचा दाब मातीला बाहेर लोटतो. दरड एकाएकी आली असे आपण म्हणतो, परंतु पुष्कळदा ती आधी निरोप पाठवते. बारीक खडे घरंगळू लागतात, स्वच्छ वाहणारा झरा अचानक गढूळ होतो, झाड किंवा विजेचा खांब रस्त्याकडे कललेला दिसतो. अशा ठिकाणी छायाचित्र काढण्यासाठी उतरू नये, आणि तासलेल्या कड्याखाली तर मुळीच थांबू नये. थांबायचे तर घाटमाथ्यावर, मोकळ्या सपाटीवर. गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घेऊन. रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्यात गाडी घालण्याचा मोहही आवरावा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजी अमदानीतला दगडी पूल पुरात वाहून गेला आणि दोन एस. टी. गाड्या व काही खासगी वाहन अंधारात नदीत गेले. पुलाच्या जागी पूल नाही, हे पाहण्याइतकाही उजेड त्यांना मिळाला नाही.

बर्फाच्या मुलखातली शिस्त

कॅम्पाला घाटाखेरीज दुसऱ्याही एका डोंगराची ओळख आहे. १७६८ पासून आपला इतिहास मोजणाऱ्या मराठा पलटणींचे शिक्षण १९२२ पासून बेळगावात होत आले आहे. येथून कसरत करून बाहेर पडलेला कोल्हापूर, सातारा, बेळगाव, सिंधुदुर्गकडचा तरुण पुढे काश्मीर, लडाख, सिक्कीम येथे जातो. ज्या मुलाने आंबोलीचा पाऊस हीच निसर्गाची परिसीमा मानली, त्याला जोजिला खिंडीत, साडेतीन हजार मीटरांवर, हिमवादळ म्हणजे काय ते कळते.

बर्फातले वाहन चालवणे हे आपल्या गणिताचे टोकाचे उदाहरण होय. सावलीतल्या वळणावर वा पुलावर काचेसारखा पातळ बर्फ डांबरावर साचतो. खालचा काळा रस्ता त्यातून दिसत राहतो आणि चालकास तो नुसताच ओला वाटतो. तेथे ३० च्या वेगातली गाडी थांबण्यास सतरा मीटर पुरत नाहीत, चाळीसही पुरतील असा भरवसा नाही. चाकांना साखळ्या बांधाव्या लागतात. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधले मेण गोठून नळ्या तुंबतात. लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने २०१९ मध्ये काढले, ते याच कारणासाठी.

परंतु आम्हांला येथे साधनांपेक्षा शिस्तीविषयी सांगायचे आहे. ७ मे १९६० रोजी सीमा सडक संघटना स्थापन झाली. तिची माणसे वर्षानुवर्षे हिमालयातल्या खिंडी उपसून रस्ते उघडतात, आणि वेळ आली की तेच रस्ते बंदही करतात. लष्करी गाड्यांचा ताफा ठरल्या वेळी निघतो. खिंड बंद असल्याचा निरोप आला तर आहे त्या तळावर मुक्काम करतो. तेथे कोणी अधिकाऱ्याला ‘मला उद्या पोहोचायचेच आहे’ असे म्हणत नाही, आणि थांबलेल्या चालकास भित्रा ठरवत नाही. मागे फिरणे हा तेथे कामाचाच एक भाग असतो.

ही शिस्त नसली म्हणजे काय होते, त्याचीही उदाहरणे समोर आहेत. २८ डिसेंबर २०१८ रोजी सिक्कीममध्ये नाथुलाजवळ बर्फात सुमारे अडीच हजार पर्यटक अडकले. सैन्याने त्यांना आपल्या बराकींत आणून निजवले, म्हणून ते वाचले. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फ पाहण्यास गेलेल्यांच्या गाड्या रात्रभर रस्त्यातच रुतल्या आणि वीसपेक्षा अधिक माणसे गाडीतच मरण पावली. थंडीपासून बचाव म्हणून इंजिन चालू ठेवावे, तर बर्फाने सायलेन्सरचे तोंड बुजलेले. मग विषारी वायू आत साचतो आणि त्याला ना रंग ना वास. आपल्यातली अनेक कुटुंबे हल्ली मनालीला बर्फ पाहण्यास जातात. २०२० मध्ये नऊ किलोमीटरांचा अटल बोगदा खुला झाल्यापासून रोहतांगची खिंड न चढता पलीकडे जाता येते. पण बोगद्यापर्यंतचा रस्ता आकाशाखालीच आहे, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तेथे शेकडो वाहने बर्फात खोळंबली. बोगदा डोंगर टाळतो. हवामान टाळत नाही.

घरच्यांचा वाटा

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. सैनिकाला थांबता येते, कारण थांबण्याचा हुकूम वरून येतो. आपल्या घाटातल्या चालकाला असा हुकूम कोणी द्यायचा? त्याला तर सगळीकडून उलटेच निरोप येत असतात. ‘मुहूर्त साडेअकराचा आहे’, ‘जेवणासाठी सगळे खोळंबलेत’, ‘आरती तुमच्यासाठी थांबवली आहे’, ‘एवढासा पाऊस, त्यात काय?’ प्रत्येक निरोप प्रेमाचाच असतो. परंतु तो चालकाच्या उजव्या पायावर जाऊन बसतो. गाडी एक माणूस चालवतो असे आपल्याला दिसते. खरे पाहता घरी वाट पाहणारी पाच-सहा माणसेही ती गाडी चालवीत असतात.

आपल्या पूर्वजांना हे उमगले होते. चातुर्मासात संन्याशाने एका ठिकाणी राहावे, जैन मुनींनी विहार करू नये, बौद्ध भिक्षूंनी वर्षावास पाळावा. धर्म तीन, पण पावसात वाट चालू नये हे शहाणपण एकच. कोकणातली बंदरे नारळी पौर्णिमेपर्यंत मिटलेली असत. आषाढ-श्रावणात पाहुणा आला नाही तर कोणी रुसत नसे. नद्या भरल्या असतील, असे म्हणून घर समजून घेई. डांबरी रस्त्याने आपल्या मनातला तो ऋतू पुसून टाकला. आकाशातला मात्र तसाच राहिला. त्यातच गणेश चतुर्थी नेमकी भाद्रपदात, पाऊस चालू असताना येते आणि घाट ओलांडण्यावाचून गत्यंतर नसते.

म्हणून काही साधे रिवाज घरोघर पाडून घ्यावेत, असे आम्ही सुचवतो. घाट दिवसाउजेडी ओलांडायचा, हा पहिला रिवाज. संध्याकाळचे कार्य असेल तर आदल्या दिवशीच निघावे. दुसरा, घाटात असलेल्या माणसाला दूरध्वनी करू नये. घाट लागण्यापूर्वी आणि संपल्यावर त्यानेच एकेकदा कळवावे. मधल्या वेळात संपर्क लागला नाही तर तेथे तरंग पोहोचत नाहीत एवढेच समजावे, घर डोक्यावर घेऊ नये. तिसरा, आंबोली, कणकुंबी, चंदगड, राधानगरी अशा घाटमाथ्याच्या गावी मुक्कामाचे एखादे ठिकाण आधीच योजून ठेवावे. ठिकाण ठरलेले असले म्हणजे थांबण्याचा निर्णय सोपा होतो. चौथा, भाड्याच्या गाडीच्या चालकाविषयी. ड्रायव्हरदादा रात्रभर जागून आला आहे की काय, त्याने जेवण केले की नाही, हे विचारणे ही केवळ माणुसकी नव्हे. त्यात आपलाही जीव गुंतलेला आहे. ‘आता पुढे नको,’ असे तो म्हणाला तर त्याचे ऐकावे आणि त्या दिवसाचे भाडे बिनतक्रार द्यावे. आणि अखेरीस, १०८ व ११२ हे क्रमांक महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा या तिन्ही राज्यांत चालतात, हे मुलांनाही पाठ असावे. अपघात पाहिला तर मैलाचा दगड किंवा जवळचे गाव सांगून लगेच कळवावे.

२८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची सहलीची बस पोलादपूरजवळ आंबेनळी घाटातून दरीत कोसळली. बसमधल्या चौतीस जणांपैकी तेहतीस गेले. शनिवार होता, पावसाळा होता, सोबती एकत्र निघाले होते. आपल्यातला कोणीही अशा बसमध्ये असू शकला असता. त्या घरांचे दुःख शब्दांत मावणारे नाही, आणि त्यावरून कोणाला दोष देण्याचा आमचा अधिकारही नाही. परंतु आपल्या घरातून कोणी घाटाकडे निघाले म्हणजे ‘लवकर ये’ असे म्हणण्याची जी जुनी रीत आहे, ती आता बदलावी असे मात्र आम्हांस मनापासून वाटते. ‘सावकाश ये, उशीर झाला तर तिकडेच राहा, आम्ही काळजी करणार नाही,’ असे घरातल्या वडीलधाऱ्यांनी उंबऱ्यावर उभे राहून स्पष्ट सांगावे. चालणाऱ्याला थांबण्याची परवानगी घरातून मिळाली, तर पुढच्या पावसाळ्यात कितीतरी गाड्या घाटमाथ्यावर रात्रभर सुखाने उभ्या राहतील, आणि सकाळी ढग उतरल्यावर घरी येतील.